तुरुंगातले संसर्गजन्य रोग आणि ‘मला बरं नाही’ म्हणण्याची किंमत

बसूनच बोलतो, गुडघे आता फार वेळ उभं राहू देत नाहीत. मागच्या वेळी माझं व्याख्यान दीड तास चाललं आणि आयोजकांनी ते अत्यंत सभ्य शब्दांत माझ्या लक्षात आणून दिलं आहे. आज आटोपशीर बोलतो.

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन केले. ‘सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत. तुरुंगातली रोगराई हा डॉक्टरांचा विषय, तुमचं तिथं काय काम?’ प्रश्न रास्त आहे. माझ्या नावापुढे डॉक्टर लागतं खरं, पण ते ताप उतरवणारं नव्हे. तरीही हा विषय गेली पंचवीस-तीस वर्षं माझ्या मनात आहे, आणि त्याला एक कारण आहे. तिथूनच सुरुवात करतो.

नव्वदच्या दशकात आमच्या कॉलेजच्या विस्तारकार्यात मी दर गुरुवारी दुपारी एका तुरुंगात जात असे. कोणता, ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. कैद्यांपुढे नीतिविचारावर बोलायचं, एवढंच काम. वर्ग छान रंगायचा. एम.ए.च्या वर्गापेक्षा तिथं जास्त प्रश्न यायचे, कारण परीक्षा नव्हती. शेवटच्या रांगेत, खिडकीला टेकून एक तिशीतला माणूस बसायचा. चोरीचा आरोप, खटला चालू, म्हणजे कच्चा कैदी. तोंडावर पंचा धरून तो सारखा खोकायचा. एकदा वर्ग संपल्यावर मी म्हटलं, ‘अहो, दवाखान्यात दाखवा की एकदा.’ तो म्हणाला, ‘सर, दाखवलं की आजारी बराकीत टाकतात. तिथं मुलाखत बंद. बुधवारी माझी तारीख आहे, आजारी माणसाला कोर्टात नेत नाहीत. आणि ही खिडकीजवळची पथारी मला आठ महिन्यांनी मिळालीय. परत येईपर्यंत ती राहील का?’

मला उत्तर सुचलं नाही. गंमत म्हणा किंवा काही म्हणा, त्या आठवड्यात मी त्यांना कांट समजावून सांगत होतो: सत्य सांगणं हे कर्तव्य आहे, परिणाम काहीही होवोत. मी घरी आलो. तुरुंगाच्या डॉक्टरांच्या कानावर घालावं असं वाटलं, पण त्या माणसाची तारीख बुडेल म्हणून गप्प बसलो. की आपल्याला काय करायचंय म्हणून गप्प बसलो? आज खात्रीने सांगता येत नाही. महिन्याभराने गेलो तर तो जागेवर नव्हता, त्याला क्षय निघाला होता. आणि त्या रांगेतले आणखी काहीजण खोकत होते. पुढे माझा आणि घरच्यांचा एक्स-रे काढावा लागला, तो स्वच्छ निघाला. त्या रांगेतल्या लोकांचे एक्स-रे कधी निघाले, निघाले की नाही, मला माहीत नाही.

रोगनियंत्रणाची सगळी यंत्रणा, म्हणजे तपासणी, औषधं, विलगीकरण, लस, हे सगळं एका क्षणानंतर सुरू होतं. आजारी माणूस तोंड उघडतो आणि म्हणतो, ‘मला बरं नाही.’ तुम्हाआम्हाला हे वाक्य फुकट आहे. तुरुंगात ते महाग पडतं. किती महाग, आणि ते स्वस्त कसं करता येईल, एवढाच माझा आजचा विषय आहे.

आधी थोडा इतिहास. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात ‘तुरुंगाचा ताप’ नावाचा आजार होता. आज आपण त्याला टायफस म्हणतो. टायफॉइड नव्हे बरं का, दोन्ही वेगळे. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातून कैदी खटल्यासाठी आणले. न्यायालय छोटं, गर्दी भरपूर. पुढच्या काही दिवसांत लंडनचा लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश, वकील, ज्यूरीतले लोक अशी पन्नासहून अधिक माणसं तापाने गेली. कैदी भिंतीआड मरत होते तोवर त्याची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. ताप न्यायासनापर्यंत चढला तेव्हा धावपळ झाली. न्यूगेटवर हवा खेळवण्यासाठी पवनचक्की बसवली गेली, न्यायाधीश सुगंधी वनस्पतींच्या जुड्या जवळ ठेवू लागले.

मग येतो जॉन हॉवर्ड. हा बेडफर्डशायरचा जमीनदार. तरुणपणी समुद्रप्रवासात फ्रेंचांच्या हाती सापडून काही काळ कैदेत राहिलेला, म्हणजे आतली हवा त्याने स्वतः घेतलेली. १७७३ मध्ये तो त्या परगण्याचा शेरीफ झाला. त्याच्या नजरेला पहिली गोष्ट काय आली? निर्दोष सुटलेली माणसं तुरुंगातच आहेत! कारण तुरुंगाधिकाऱ्याला पगार नव्हता, तो कैद्यांकडून फी घ्यायचा. फी भरली नाही तर सुटका नाही. हॉवर्ड घोड्यावरून देशभर तुरुंग पाहत हिंडला. बंद गाडीतून जाता येईना, कारण कपड्यांना येणारा वास सोसवत नसे. १७७४ मध्ये संसदेने दोन कायदे केले. एकाने सुटकेची फी रद्द झाली. दुसऱ्याने भिंतींना वर्षातून एकदा तरी चुना लावायचा, खोल्यांत हवा खेळती ठेवायची, आजाऱ्यांसाठी स्वतंत्र खोल्या, अंघोळीची सोय आणि एक वैद्य, असं ठरलं. १७७७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यातलं त्याचं म्हणणं असं की फाशीने जितके कैदी मरतात त्याहून जास्त तापाने मरतात.

आता यात तत्त्वज्ञानाच्या माणसाला मौज वाटावी अशी एक गोष्ट आहे. या सगळ्यांची उपपत्ती चुकीची होती. त्यांना वाटायचं रोग दुर्गंधीतून, दूषित हवेतून येतो. टायफस पसरतो उवांमुळे, आणि ते शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये १९०९ साली दाखवलं. म्हणजे वनस्पतींच्या जुड्या निरुपयोगी होत्या. पण अंघोळ, कपडे धुणं, गर्दी कमी करणं हे उपाय बरोबर होते, कारण त्यांनी उवाही जातात. कारण चुकलं तरी इलाज लागू पडला. असं विज्ञानात अनेकदा होतं, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. आणखी एक. हॉवर्ड पुन्हा तपासायला गेला तेव्हा बऱ्याच तुरुंगांत कायदा पाळलाच जात नव्हता. तो स्वतः १७९० मध्ये काळ्या समुद्राजवळच्या खेरसोनला अशाच तापाने गेला, असं मानतात.

निर्दोष सुटलेला पण फी नसल्याने आत कुजणारा तो माणूस लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता आजच्या बराकीकडे येऊ. मोठी लांब खोली, दोन्ही बाजूंना पथाऱ्या. संध्याकाळी गिनती होते, दार बंद होतं, ते सकाळी उघडतं. जवळजवळ बारा तास तीच हवा सगळ्यांनी मिळून घ्यायची. क्षयाचा जंतू खोकल्यातून बारीक कणांवर बसून बाहेर पडतो, आणि ते कण तासन्‌तास तरंगत राहू शकतात. किती माणसांना लागण होईल हे साधारण तीन गोष्टींवर ठरतं: खोलीत किती जण आहेत, किती वेळ आहेत, आणि तासाभरात हवा किती वेळा बदलते. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असतील, छत उंच असेल तर बराच फरक पडतो. पण पन्नासांच्या बराकीत दीडशे झोपत असतील तर खिडकी काय करील? जगभरच्या अभ्यासांत तुरुंगातलं क्षयाचं प्रमाण बाहेरच्या समाजाच्या साधारण दहापट आढळतं. याचा अर्थ कैदी आत येतानाच आजारी असतात असा नाही. काही असतात. बरेच आत होतात.

कोविडने हे सगळं आपल्यासमोर काही आठवड्यांत घडवून दाखवलं. मुंबईतल्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता तेव्हा ८०४ होती. २०२० च्या मे महिन्यात आत अडीच हजारांहून अधिक माणसं होती. मेच्या पहिल्या आठवड्यात ७७ कैदी आणि २६ कर्मचारी बाधित असल्याचं कळलं. हे कर्मचारी रोज संध्याकाळी घरी जातात, लोकलने, बसने. भिंत कैद्याला अडवते. हवालदाराला, वकिलाला, डॉक्टरला, भाजीच्या टेम्पोला अडवत नाही. म्हणून ‘आतला रोग आत राहील’ ही कल्पना ओल्ड बेलीत खोटी ठरली होती, भायखळा-सातरस्त्याला पुन्हा ठरली.

आणि घाईचा इलाजही कसा अंगलट येतो पाहा. कॅलिफोर्नियात चीनो नावाच्या ठिकाणी एका तुरुंगात कोविड पसरला. तिथल्या वयस्क, आजारी कैद्यांना वाचवावं म्हणून मे २०२० च्या अखेरीस सुमारे १२० जणांना सान क्वेंटिनच्या तुरुंगात हलवलं. हेतू चांगलाच होता. पण अनेकांच्या चाचण्या दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या, म्हणजे शिळ्या होत्या. सान क्वेंटिनमध्ये तोवर एकही रुग्ण नव्हता. जुनी इमारत, एकावर एक पाच मजले कोठड्या, दाराला नुसते गज. पुढच्या काही महिन्यांत २,२०० हून अधिक कैद्यांना लागण झाली, २८ कैदी आणि एक कर्मचारी दगावला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी जूनमध्येच सांगितलं होतं की कैद्यांची संख्या निम्म्यावर आणा. इकडची माणसं तिकडे हलवून एकूण गर्दी कमी होत नाही, हे सांगायला खरं तर तज्ज्ञही लागू नयेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, खोकणाऱ्या माणसाकडे.

तुरुंगात वेगळी खोली म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी वेगळी खोली एकच असते, शिक्षेची. एकांत कोठडी, किंवा जिला आपण वर्तमानपत्रांतून अंडा सेल म्हणून ओळखतो तसली काही. साथ आली की त्याच खोलीला ‘विलगीकरण कक्ष’ असं नाव देतात. पाटी बदलते. दार तेच, किल्लीवाला तोच. अमेरिकेत २०२० मध्ये अनेक तुरुंगांत हेच झालं: लक्षणं दिसली की एकांत कोठडी, पुस्तकं नाहीत, फोन नाही. मग कैदी काय करतील? ताप लपवतील. तपासायला आलं की ‘मी बरा आहे’ म्हणतील. लपवणं इथं अडाणीपणा नव्हे. तो त्यांचा हिशेब आहे, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर बरोबर हिशेब आहे.

हे काही कैद्यांचंच वैशिष्ट्य नाही. १८९७ चं पुणं आठवा. प्लेग होता, रँडसाहेबांच्या देखरेखीखाली सैनिक घरोघर झडत्या घेत होते. रुग्ण सापडला की त्याला प्लेगच्या रुग्णालयात, घरच्यांना छावणीत न्यायचं, घरातलं सामान बाहेर काढायचं, जाळायचं. प्लेग खरा होता, विलगीकरणाची गरजही खरी होती. पण लोकांनी रुग्ण लपवले, प्रेतं लपवली. सुशिक्षित लोकांनीही लपवली. सांगण्याची किंमत घरदार एवढी ठेवली की कोणीही लपवतो. मग रोग शोधायला सैनिक लागतात, आणि सैनिक आले की लोक आणखी लपवतात. २२ जूनला काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

याच्या उलटही उदाहरण आहे आणि मला ते फार आवडतं. स्वित्झर्लंडमधली गोष्ट, १९९० च्या दशकातली. ओबरशोन्ग्र्युन इथल्या पुरुषांच्या तुरुंगात काम करणाऱ्या एका डॉक्टरच्या लक्षात आलं की कैदी सुईने नशा करतात आणि एकच सुई अनेक जण वापरतात. एचआयव्ही पसरणार हे उघड होतं. त्याने गुपचूप निर्जंतुक सिरिंजा द्यायला सुरुवात केली. अधीक्षकाला कळलं. आता कल्पना करा, आपल्याकडे त्या डॉक्टरचं काय झालं असतं! अधीक्षकाने त्याला काढून टाकलं नाही. त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि वरून परवानगी मिळवली. १९९४ मध्ये हिंडेलबांक इथल्या स्त्रियांच्या तुरुंगात तर यंत्रच बसवलं: वापरलेली सिरिंज आत टाका, नवी बाहेर येते. कोणाला तोंड उघडून ‘मी नशा करते’ असं सांगावं लागत नाही. वर्षभर निरीक्षण केलं. नशा वाढली नाही, सिरिंज कोणी हत्यार म्हणून वापरली नाही, एचआयव्हीची नवी लागण दिसली नाही. आपल्याला हे पटो न पटो, मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पचलं नव्हतं. पण विचार करा, त्यांनी केलं काय? मदत मागण्याची किंमत जवळजवळ शून्यावर आणली.

इतकं लांब जायला नको, खरजेचं उदाहरण घ्या. आपल्या तुरुंगांत खरूज कायमची पाहुणी असते. एकाला लोशन देऊन ती जात नाही. बराकीतल्या प्रत्येकाला, खाज असो वा नसो, एकाच दिवशी मानेपासून पायापर्यंत औषध लावायचं, आठवड्याने पुन्हा लावायचं, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या, घोंगड्या कडक उन्हात टाकायच्या. दहा जण सुटले की किडा त्यांच्यापासून पुन्हा सगळ्यांत. म्हणजे यासाठी पाणी हवं, साबण हवा, ऊन मिळेल अशी जागा हवी, आणि मुख्य म्हणजे कोणालाही ‘खरूजवाला’ म्हणून वेगळं काढायचं नाही. सगळ्यांना एकदम औषध दिलं की लाज कोणाच्याच वाट्याला येत नाही. वैद्यकाची गरज आणि माणसाची अब्रू इथं एकाच रेषेत येतात. नेहमी येत नाहीत, म्हणून जिथं येतात तिथं तरी संधी घ्यावी.

भायखळ्याचंच आणखी एक प्रकरण, लशीचं. वाल्डेमार हाफकिन हे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या तयार असलेल्या कैद्यांना लस टोचली, निम्म्याच्या आसपास कैदी लशीविना राहिले. टोचतेवेळीच ज्यांना आजार जडला होता ते सोडून हिशेब केला, तेव्हा लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघंही वाचले. पुढल्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवून एक सोडून एक असं टोचलं, म्हणजे तुलना अधिक चोख व्हावी. आज परळच्या ज्या संस्थेला आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो, तिच्या कीर्तीच्या पायाशी हे कैदी आहेत. त्यांची नावं आपल्याला कोणी शिकवली नाहीत.

आता माझ्या विषयातला प्रश्न: कैद्याचा होकार हा होकार असतो का? एका टोकाला म्हणता येईल, बंदिवानाची संमती नेहमीच दबावाखालची, म्हणून ती रद्दच धरावी. पण मग त्याला लसही देता येणार नाही आणि त्याचा जीव वाचवण्याचा मार्गही बंद होईल. दुसऱ्या टोकाला, हो म्हणाला ना, झालं तर मग. मला दोन्ही पटत नाही. माझी कसोटी अशी: ‘नाही’ म्हणणाऱ्याचं काय झालं ते विचारा. ‘नाही’ म्हटल्यावर मुलाखत गेली, काम गेलं, सुटीचा अर्ज लांबला, तर ‘हो’ला अर्थ नाही. ‘नाही’ म्हणूनही माणूस होता तसाच राहिला तर त्या ‘हो’ला थोडा तरी अर्थ आहे. मघाचीच मोजपट्टी आहे ही, फक्त दुसऱ्या बाजूने लावलेली. भायखळ्यात निम्म्याच्या आसपास माणसं लशीविना राहू शकली, त्याअर्थी तिथं ‘नाही’ला थोडी जागा असावी. उमरखाडीच्या रांगेबद्दल मला तितकी खात्री वाटत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांत यातलं बरंच आलं आहे. समाजात जी आरोग्यसेवा मिळते त्याच दर्जाची कैद्याला, विनामूल्य. सांसर्गिक रोगाचा संशय आला तर वेगळं ठेवणं आणि पुरेसा उपचार, दोन्ही बरोबर. आणि वैद्यकीय निर्णय फक्त वैद्यकीय माणसाने घ्यायचा, तुरुंगाच्या इतर अधिकाऱ्याने तो फिरवायचा नाही. हा शेवटचा नियम वाचायला सोपा आणि पाळायला सर्वांत अवघड. डॉक्टर लिहून देतो ‘बाहेरच्या रुग्णालयात न्या’, आणि नेण्यासाठी पोलीस बंदोबस्त उपलब्ध नसतो. चिठ्ठी खरी, गाडी नाही.

आता संख्येकडे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या जवळपास माणसं होती, शंभराच्या जागेत १३१. त्यातली चारात तीन माणसं कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. ही टक्केवारी मी कायद्याच्या वर्गात सांगितली असती तर तो न्यायाचा प्रश्न झाला असता. इथे सांगतोय कारण तो हवेचा प्रश्न आहे. बराकीतल्या अनेकांकडे जामिनाचा आदेशसुद्धा असतो. पण जामीनदार नाही, भरायला पैसे नाहीत, म्हणून ते आत. हॉवर्डचा तो फी न भरलेला माणूस भेटला का पुन्हा? अडीचशे वर्षांनी भेटला.

२३ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. सात वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे असलेल्यांना तात्पुरतं सोडण्याचा विचार करा, असं सुचवलं. महाराष्ट्राने मे महिन्यात सुमारे १७ हजार जणांना सोडायचं ठरवलं, पॅरोलच्या नियमांत साथीसाठी तरतूद जोडली. नव्याने अटक झालेल्यांना आधी काही दिवस शाळा-वसतिगृहांतल्या तात्पुरत्या कारागृहांत ठेवलं. आणि ही कल्पना नवी आहे असं समजू नका. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या सातव्या कलमात लिहिलेलं आहे की गर्दी झाली किंवा साथ आली तर तात्पुरत्या तुरुंगांची सोय करावी. इंग्रजांनी आपल्यासाठी केलेला कायदा, तोही फार दयाळू नव्हे, पण एवढं त्यालाही कळत होतं.

त्या सुटकेच्या यादीत मला एक दोष दिसतो. यादी कलमावरून केली. विषाणू वय बघतो, फुप्फुस बघतो, मधुमेह बघतो; तो कलम बघत नाही. तिशीतला धडधाकट भुरटा चोर सुटला याचं मला दुःख नाही, चांगलंच झालं, बराक मोकळी झाली. पण विशेष कायद्यांखालचे म्हातारे, आजारी कच्चे कैदी यादीबाहेर राहिले. फादर स्टॅन स्वामींना त्र्याऐंशीव्या वर्षी अटक झाली होती, कंपवाताचा त्रास होता. मे २०२१ मध्ये तळोज्याहून रुग्णालयात हलवल्यावर त्यांना कोविड असल्याचं निघालं आणि ५ जुलैला ते गेले, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात पडून असतानाच. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल तुमचं मत काही असो. आरोपाचा निकाल लागला नव्हता आणि कोणत्याही न्यायालयाने त्यांना आजाराची शिक्षा दिलेली नव्हती. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने साथीत सोडलेल्यांना पंधरा दिवसांत परत हजर व्हायला सांगितलं. म्हणजे बराकी पुन्हा भरल्या. क्षय तर कुठे गेलाच नव्हता.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ खटल्याविना काढला असेल, तर काही अपवाद सोडता त्याला बंधपत्रावर सोडायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये जुन्या कच्च्या कैद्यांनाही ते लागू केलं. हे कलम तंतोतंत राबवलं तर क्षय आटोक्यात आणण्यासाठी त्याचा उपयोग एखाद्या नव्या औषधाइतका होईल, असं माझं प्रामाणिक मत आहे. डॉक्टर मंडळींनी हसू नये.

पण सोडतानाही शहाणपण लागतं. माझ्या त्या खिडकीजवळच्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. रुग्णालयात त्याची औषधं सुरू झाली. क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. दोन-अडीच महिन्यांत त्याला जामीन मिळाला. आनंदाची गोष्ट. संध्याकाळी उशिरा दारातून बाहेर सोडलं, हातात गोळ्या नाहीत, चिठ्ठी नाही. कागदावरचा पत्ता जुना निघाला. अर्धवट सोडलेला उपचार म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाला निमंत्रण. रशियाने सोव्हिएत संघ फुटल्यानंतर हे फार मोठ्या प्रमाणावर भोगलं. गच्च भरलेले तुरुंग, तुटक औषधं, आणि सुटून गावोगाव गेलेले रुग्ण. आज आपल्याकडे निक्षय ही नोंदणी आहे, थुंकीची तपासणी सीबीनॅट यंत्रावर दोनेक तासांत होते, हातात धरून नेता येईल असं एक्स-रे यंत्र आहे. आत येताना तपासा, अधूनमधून तपासा, आणि सुटताना महिन्याभराची औषधं नि पुढच्या केंद्राचं नाव हातात द्या. यंत्रं आहेत. सुटकेची वेळ दवाखान्याला कोणी कळवत नाही, अडचण ही आहे.

एक चिठ्ठी आली आहे. ‘ज्यांच्या घरात चोरी झाली, ज्यांचा माणूस मारला गेला, त्यांनी या लोकांच्या हवेची काळजी का करावी?’ प्रामाणिक प्रश्न आहे, टाळणार नाही. तुमच्या घरी चोरी झाली तर चोराला शिक्षा व्हावी हा तुमचा हक्क. ती न्यायालयाने मोजून द्यायची असते: एक वर्ष, तीन वर्षं. त्यावर क्षयाची भर घालायचा हक्क तुम्हालाही नाही, मलाही नाही, तुरुंगाधिकाऱ्यालाही नाही. आणि हा चोरच आहे हेही, चारातल्या तिघांच्या बाबतीत, अजून ठरायचं आहे. नैतिक उत्तर नको असेल तर व्यवहाराचं देतो. तो संध्याकाळी सुटेल आणि तुमच्याच बसमध्ये बसेल.

दुसरी चिठ्ठी एका ताईंची, परिचारिका आहेत असं लिहिलं आहे. ‘पैसे न लागता पहिली गोष्ट काय बदलता येईल?’ ताई, मी अधीक्षक असतो तर चार ओळींचा आदेश काढला असता. आजारी म्हणून वेगळं ठेवलेल्याची फोनवरची मुलाखत आणि व्हिडिओवरची तारीख बंद होणार नाही. ती सोय २०२० पासून आहेच. शिक्षेची कोठडी आजाऱ्यांसाठी वापरायची नाही. तो परत आल्यावर त्याचं काम आणि त्याची पथारी त्यालाच मिळेल. आणि हा कागद त्याला समजेल अशा भाषेत बराकीच्या दारावर लावायचा, वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवायचा. पहिला महिना कोणी विश्वास ठेवणार नाही. पहिला माणूस परत येऊन आपल्या जागेवर झोपलेला दिसला की खोकणारे आपण होऊन पुढे येऊ लागतील, निदान मला तसं वाटतं.

आयोजक घड्याळ दाखवतायत. उरलेल्या चिठ्ठ्या मी घरी नेतो, पुढच्या वेळी सुरुवात त्यांच्यापासूनच करू.